फायबरच्या नौकांची दुरुस्ती : जेलकोटचा रंग कसा जुळवावा?

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लाकडी होड्याच पाण्यावर तरंगत आल्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासावयाचा, वर राळ आणि तेलाचे लेपन करावयाचे आणि पावसाळा संपला की होडी पुन्हा समुद्रात लोटावयाची, हा क्रम गावच्या सुतारास आणि तांडेलास तोंडपाठ असे. गेल्या काही दशकांत मात्र बंदराबंदरांतील चित्र पालटले. लहान मासेमारी होड्या, पर्यटकांची ने-आण करणाऱ्या नौका, तसेच पूरप्रवण भागांत अनेक ठिकाणी बचावकार्यासाठी ठेवलेल्या होड्या आता काचतंतू आणि रेझीन यांपासून बनविलेल्या असतात. लोकभाषेत तिला ‘फायबरची होडी’ म्हणतात.

या बदलामागे दीर्घ प्रयत्न आहेत. १९५७ साली कोची येथे सुरू झालेल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने नौकाबांधणीसाठी लाकडाला पर्याय ठरणाऱ्या साहित्यावर संशोधन केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बंगालच्या उपसागरासंबंधीचा कार्यक्रम १९७९ साली मद्रास येथून सुरू झाला. त्याद्वारे पूर्व किनाऱ्यावर लाटांतून थेट वाळूवर येऊ शकणाऱ्या फायबरच्या नौकांचे प्रयोग झाले. डिसेंबर २००४ मधील त्सुनामीनंतर तामिळनाडूत मच्छीमारांचे पुनर्वसन करताना अशा नौका मोठ्या संख्येने देण्यात आल्या.

फायबर कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही, हे खरे. परंतु ते अभंग असते, हा समज चुकीचा आहे. धक्क्याला आपटून, खडकावर घासून किंवा नांगर आदळून होडीच्या कवचाला चीर पडते. ती बुजविण्याचे काम अनेकदा घाईने उरकले जाते आणि वर हाताशी असेल त्या डब्यातील रंग फासला जातो. थोड्याच दिवसांत तेथे वेगळ्याच रंगाचे ठिगळ दिसू लागते. पुढे त्याचे पापुद्रे निघतात आणि पाणी आत शिरते. ठिगळाचा रंग जुळत नाही, यामागे पुष्कळदा मोजमाप, स्वच्छता आणि धीर यांचा अभाव असतो. याच तीन गोष्टींच्या अभावी दुरुस्तीही कच्ची राहते. म्हणूनच रंग जुळविण्याचा विषय केवळ शोभेचा नाही.

जेलकोट म्हणजे काय?

फायबरची होडी बाहेरून आत अशा उलट्या क्रमाने तयार होते. प्रथम गुळगुळीत साच्याला मेण लावतात. त्यावर रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझीनचा दाट थर देतात. हाच जेलकोट होय. तो पुरेसा घट्ट झाल्यावर त्यावर काचतंतूंची मॅट आणि विणलेले काचकापड रेझीनमध्ये भिजवून थरावर थर बसवितात. साच्यातून होडी निघते तेव्हा सर्वांत आधी दिलेला थर सर्वांत बाहेर येतो. तिची चकाकी ही साच्याच्याच गुळगुळीतपणाची प्रतिकृती असते.

हा थर साधारणतः अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून आतील काचतंतूंचे रक्षण करणे हे त्याचे काम आहे. तो फुटला की पाणी तंतूंच्या कडेकडेने आत झिरपते, थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि कवच दुबळे होते. तेव्हा जेलकोट म्हणजे वरून मारलेला तैलरंग नव्हे. तो कवचाचाच अंश आहे आणि त्याची दुरुस्ती शक्यतो त्याच जातीच्या द्रव्याने झाली पाहिजे.

रंगाला आणखी एक महत्त्व आहे. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेसाठी जे उपाय योजण्यात आले, त्यांत मासेमारी नौकांची एकसमान नोंदणी आणि राज्यवार ठरावीक रंग यांचा समावेश होता. दुरून नौका ओळखण्याचे ते एक साधन आहे. दुरुस्तीच्या निमित्ताने नोंदणी क्रमांक पुसट होणार नाही आणि ठरवून दिलेला रंग बदलणार नाही, याची काळजी त्यामुळे घ्यावी लागते.

डब्यातील रंग का जुळत नाही?

होडी बांधताना वापरलेल्याच रंगाचा डबा सहा-सात वर्षांनी उघडला, तरी त्यातील रंग होडीशी जुळत नाही. याचे कारण डब्यात नसून होडीत आहे. सूर्यकिरणांतील अतिनील भाग जेलकोटच्या पृष्ठभागाची झीज करतो. रेझीन झिजले की वर खडूसारखी पांढुरकी भुकटी उरते. पांढरा रंग पिवळट होतो, तर लाल आणि निळा फिकट पडतात. सतत उन्हात राहणारी बाजू अधिक विटते आणि कडेखाली झाकलेला भाग मूळ रंग राखून असतो. एकाच होडीच्या दोन बाजूंचे रंग वेगळे असू शकतात.

म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, रंग होडीच्या आजच्या अंगाशी जुळवावा, आणि तोही दुरुस्तीच्या जागेलगतच्या अंगाशी. ती नवी असताना कशी होती, हा विचार येथे उपयोगाचा नाही.

परंतु आजचे अंग म्हणजे वरची मळकट भुकटीही नव्हे. दुरुस्तीनंतर सगळी होडी घासून पुसली जाणार असेल, तर तिचा रंग आताच्यापेक्षा गडद आणि सतेज होईल. म्हणून जागेलगतचा वीतभर भाग प्रथम गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवावा, रबिंग कंपाउंडने घासावा आणि मगच नमुना म्हणून धरावा. असे केल्याने रंग किती गडद होईल याचा अंदाज हवा असल्यास विटलेल्या भागावर पाण्याचा हात फिरवून पाहावा. ओल्या पृष्ठभागाचा रंग झिलई केलेल्या पृष्ठभागाच्या बराच जवळ असतो.

पूर्वतयारी

रंगाकडे वळण्यापूर्वी इजेची खोली पाहणे आवश्यक आहे. लहान हातोडीच्या दांड्याने किंवा नाण्याने चिरेभोवती ठोकावे. टणक आवाज आला तर आतील थर शाबूत आहेत, आणि बोदा आवाज आला तर ते सुटले आहेत असे समजावे. सुटलेला भाग खरवडून काढून तेथे मॅट आणि रेझीन यांचे नवे थर बसविल्याखेरीज वर जेलकोट देण्यात अर्थ नाही. तुटक्या कवचावरील सुंदर रंग हा धोका झाकून ठेवतो. त्याचे मोल समुद्रात मोजावे लागते.

ओरखडा वरवरचा असेल तर तेथील मीठ गोड्या पाण्याने धुऊन जागा पूर्ण वाळू द्यावी. तेल, मेण आणि डिझेलचा अंश अ‍ॅसिटोनने पुसावा. हे पुसणे घासण्याच्या आधी झाले पाहिजे, अन्यथा मेण ओरखड्यातच दाबले जाते. त्यानंतर चिरेच्या कडा उतरत्या कराव्यात आणि ८० ते १२० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने जागा खरबरीत करावी. खालची दुरुस्ती इपॉक्सीने झाली असल्यास त्यावर पॉलिएस्टर जेलकोट खात्रीने धरत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पांढऱ्याच्याही अनेक छटा

रंग जुळविताना सर्वांत अधिक फसवितो तो पांढरा. शुद्ध पांढऱ्या जेलकोटचा ठिपका जुन्या पांढऱ्या होडीवर ठेवला, तर तो निळसर आणि डोळ्यांत भरणारा दिसतो. होडीच्या पांढऱ्यात पिवळ्याचा, तपकिरीचा किंवा काळ्याचा सूक्ष्म अंश आहे, हे तेव्हा लक्षात येते.

मिश्रणासाठी पॉलिएस्टर रेझीनमध्ये घोटलेली रंगपेस्टच वापरावी. भिंतीचे किंवा कापडाचे रंग यांत मिसळल्यास जेलकोट नीट घट्ट होत नाही. पेस्टचे एकूण प्रमाणही मर्यादेत, म्हणजे वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावे. पुढील नियम अनुभवी कारागीर नित्य पाळतात.

एक, फिकट रंगापासून आरंभ करून त्यात गडद रंग घालावा. चिमूटभर काळ्याने पांढरा करडा होतो, पण तो पुन्हा पांढरा करण्यास भांडेभर पांढरा ओतावा लागतो.

दोन, एका वेळी एकच रंग घालावा, तोही काडीच्या टोकावर येईल इतका, आणि प्रत्येक वेळी भांड्याच्या तळापासून व कडांपासून ढवळावे. कडेला चिकटून राहिलेला रंग पुढे थरात रेघ उमटवितो.

तीन, चूक ओळखून विरुद्ध रंगाने सुधारावी. मिश्रण निळसर वाटल्यास पिवळ्याचा, हिरवट वाटल्यास लालाचा आणि पिवळट वाटल्यास निळ्या-जांभळ्याचा अंश घालावा. शाळेतील चित्रकलेच्या तासाला शिकविले जाणारे रंगचक्र येथे शब्दशः कामी येते.

चार, पिवळट पांढऱ्याचा तेजपणा कमी करण्यासाठी काळा रंग सावधपणे वापरावा. पिवळा आणि काळा एकत्र आले की हिरवट झाक येते. अशा वेळी काळ्याऐवजी मातकट तपकिरी रंग अधिक उपयोगी पडतो.

नमुन्याची कसोटी

मिश्रण जमले असे वाटले की त्याचा एक ठिपका थेट होडीवर, दुरुस्तीच्या जागेशेजारी लावून पाहावा. त्यात अद्याप कॅटॅलिस्ट नसल्यामुळे तो पुसून टाकता येतो. वेगळ्या कागदावर किंवा भांड्यात रंग पाहून निर्णय घेऊ नये, कारण डोळा रंगाचा अंदाज भोवतालच्या रंगांवरून करतो. ठिपक्याची कड दिसेनाशी होऊ लागली म्हणजे रंग जवळ आला.

ही पाहणी दिवसाच्या प्रकाशात, सावलीत उभे राहून करावी. सकाळ-संध्याकाळच्या तांबूस उन्हात तसेच विजेच्या दिव्याखाली केलेला निवाडा फसतो. भिन्न रंगद्रव्यांनी बनलेले दोन रंग एका प्रकाशात अगदी सारखे, तर दुसऱ्या प्रकाशात निराळे दिसू शकतात. कारखान्यातील ट्यूबच्या उजेडात जुळलेली होडी धक्क्यावर आणताच ठिगळ उठून दिसते, त्याचे कारण हेच. समोरून, बाजूने, जवळून आणि दहा पावलांवरून असे चारही प्रकारे पाहावे.

येथवर आले तरी काम संपत नाही. ओला आणि घट्ट झालेला जेलकोट यांच्या रंगांत थोडा फरक असतो. म्हणून मिश्रणाचा लहानसा भाग वेगळा काढून त्यात कॅटॅलिस्ट घालावा, तो पुरेशा जाडीने एका तुकड्यावर लावावा, घट्ट होऊ द्यावा, मग घासून चकाकी आणावी आणि होडीला टेकवून पाहावा. फरक दिसल्यास उरलेले मूळ मिश्रण सुधारता येते. या एका चाचणीला अर्धा दिवस लागतो, आणि बहुतेक ठिगळे तो अर्धा दिवस वाचविल्यामुळेच निर्माण होतात.

प्रमाण आणि लेपन

एक चौरस मीटर पृष्ठभागावर अर्धा मिलिमीटर जाडीचा थर देण्यास सुमारे ६०० ग्रॅम जेलकोट लागतो. उदाहरणार्थ, वीस सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर लांब जागेला सुमारे ४० ग्रॅम पुरेल. तथापि चाचणी, घासकाम आणि नासाडी धरून निदान १०० ग्रॅम मिश्रण एकाच वेळी तयार करावे. काम अर्ध्यावर असताना संपलेला रंग पुन्हा तसाच बनविणे फार अवघड जाते.

जेलकोट घट्ट होण्यासाठी मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड हा कॅटॅलिस्ट वापरतात. त्याचे प्रमाण सामान्यतः वजनाच्या १ ते २ टक्के असते. म्हणजे १०० ग्रॅमला १ ते २ ग्रॅम. नेमके प्रमाण उत्पादकाच्या सूचनेनुसार ठरवावे. कमी पडल्यास थर कायमचा मऊ राहतो आणि अधिक झाल्यास तो ठिसूळ होतो व रंगही बिघडू शकतो. काही प्रकारांत कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर वेगळा मिसळावा लागतो. तो जांभळट असल्याने फिकट रंगावर त्याची छाया पडते. यासाठी कोबाल्ट आधीच संपूर्ण मिश्रणात एकजीव करून मगच रंग जुळवावा. चाचणीत जे प्रमाण, तेच प्रत्यक्ष कामात ठेवावे. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय सोडून लहान वजनकाटा वापरणे श्रेयस्कर होय.

थर फार पातळ असेल तर खालच्या लुकणाचा रंग वर डोकावतो, आणि एकाच वेळी फार जाड दिला तर तो ओघळतो किंवा तडकतो. म्हणून बेताचे दोन थर द्यावेत आणि लगतच्या पृष्ठभागापेक्षा जागा किंचित उंच ठेवावी. घासताना ती समपातळीत येते.

येथे एक अडचण उद्भवते. साच्यातील जेलकोटला हवा लागत नाही, दुरुस्तीतील थराला मात्र ती लागते. हवेतील प्राणवायूमुळे साध्या जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकट राहतो. त्यासाठी शेवटच्या थरात स्टायरीनमध्ये विरघळविलेले मेण मिसळतात, किंवा थरावर पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म बुडबुडे न राहतील अशी बसवितात. मेणाचे मिश्रण मधल्या थरात असल्यास तो थर घासल्याशिवाय पुढचा देऊ नये, कारण मेणावर दुसरा थर धरत नाही.

पूर्ण घट्ट झाल्यावर लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून पाण्यासह घासावे. २२० क्रमांकापासून ४००, ६०० आणि १००० असा क्रम ठेवावा. शेवटी रबिंग कंपाउंड आणि मेण लावून चकाकी आणावी. दुरुस्तीची सीमा शक्यतो एखाद्या कोपऱ्याशी, पट्टीशी किंवा दोन रंगांच्या रेषेशी संपवावी. तेथे सूक्ष्म फरक असला तरी तो डोळ्यांस जाणवत नाही.

ऋतूचा विचार

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांसाठी पावसाळी मासेमारीबंदी १ जूनपासून सुरू होते. होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि दुरुस्तीला सवड मिळते. दुर्दैवाने हाच काळ या कामाला सर्वांत प्रतिकूल असतो. दमट हवेत कवच वाळत नाही, आणि ओलसर पृष्ठभागावरील जेलकोट पुढे सुटतो. पक्के छप्पर उपलब्ध नसेल तर महत्त्वाची दुरुस्ती एप्रिल-मे महिन्यांत किंवा पाऊस सरल्यावर करणे योग्य ठरते.

उन्हाळ्यातही दक्षता हवी. मेमधील उन्हात तापलेल्या कवचावर जेलकोट ब्रश फिरेपर्यंतच आळू लागतो. सकाळचे दव वाळल्यानंतर, सावली करून, कॅटॅलिस्टचे प्रमाण अनुज्ञेय मर्यादेत खालच्या बाजूस ठेवून काम करावे.

सुरक्षिततेचे नियम

कॅटॅलिस्टचा एक थेंब डोळ्यात गेला तरी दृष्टी गमावण्याचा धोका असतो. चष्मा आणि हातमोजे वापरल्याशिवाय बाटलीला हात लावू नये. डोळ्यात थेंब गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवत राहावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट परस्परांत थेट कधीही मिसळू नयेत. त्यांचा संयोग स्फोटक ठरू शकतो. दोहोंच्या बाटल्या वेगळ्या जागी ठेवाव्यात.

स्टायरीन आणि अ‍ॅसिटोन यांच्या वाफा ज्वालाग्राही असतात. कामाजवळ विडी-काडी किंवा स्टोव्ह नसावा. कोरडे घासकाम करताना काचतंतूंची धूळ श्वासावाटे जाऊ नये म्हणून योग्य मुखपट्टी बांधावी. भांड्यात उरलेले कॅटॅलिस्टयुक्त मिश्रण साचून राहिल्यास स्वतःच्याच उष्णतेने तापते आणि धुमसते. ते पातळ पसरून घट्ट होऊ द्यावे. फायबरचे तुकडे पुळणीवर जाळणे किंवा खाडीत टाकणे सर्वथा टाळावे.

नोंदवहीचे महत्त्व

उत्तम कारागिराने जुळविलेला रंगही कायम जुळलेला राहत नाही. नवे ठिगळ आणि जुने अंग यांच्या विटण्याची गती भिन्न असते. वर्षातून निदान एकदा संपूर्ण होडी धुऊन तिला मेण दिल्यास हा फरक मंदावतो. काम करणाऱ्या होडीच्या बाबतीत अपेक्षाही बेताचीच ठेवावी. पाण्याखाली राहणाऱ्या आणि शेवाळरोधक रंगाने झाकल्या जाणाऱ्या भागात रंगमेळावर वेळ दवडण्याचे कारण नाही. तेथे मजबुती हीच कसोटी होय. वरच्या भागात हातभर अंतरावरून ठिगळ ओळखू आले नाही, म्हणजे काम साधले.

या विद्येत गूढ असे काही नाही. आजवर ती कारागिराच्या डोळ्यांत आणि बोटांत राहिली, आणि कारागीर दुसऱ्या बंदरात गेला की त्याच्याबरोबर गेली. प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी तारीख, होडीचा क्रमांक, पांढऱ्या जेलकोटचे वजन, प्रत्येक रंगपेस्टचे वजन, कोबाल्ट व कॅटॅलिस्टचे प्रमाण आणि हवामान अशा नोंदी लिहून ठेवल्या आणि घट्ट झालेल्या नमुन्याचा तुकडा वहीला जोडला, तर पुढील दुरुस्ती शून्यापासून सुरू करावी लागणार नाही. मच्छीमार सहकारी संस्थेने असा एक वजनकाटा आणि अशी एक वही ठेवण्यास फारसा खर्च नाही. बचावकार्याच्या होड्या ज्या ग्रामपंचायतींच्या ताब्यात आहेत, त्यांनाही हे सहज करता येईल. किनाऱ्यावरील शाळांतून रंगचक्र आणि टक्केवारी शिकविताना याच वहीतील उदाहरणे घेता येतील.

फायबरच्या होडीत एका कुटुंबाची मिळकत गुंतलेली असते, आणि ती पाण्यावर असताना त्या कुटुंबातील माणसे तिच्या अर्धा मिलिमीटर जाडीच्या आवरणावर विसंबून असतात. त्या आवरणाची डागडुजी करणाऱ्याने आधी होडी नीट पाहिली, मग मोजले आणि अखेरीस ब्रश उचलला, तर रंग जुळेल आणि त्याखालचे कामही टिकेल.